औषध न घातलेली बशी

“मग आता तरी घ्याल ना, बाई?”

रेवणने कॅप्सूलची बाटली टेबलावर ठेवली. नाडगौडाबाई पेशीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, आणि हा त्यांचा लाडका, तितकाच शेफारलेला विद्यार्थी. स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करण्यात बाईंची हयात गेली. आता तोच त्यांच्या अंगात मुक्कामाला आला होता. उपचार चालू होते, गुण येत नव्हता.

“काय आहे हे?”

“व्हिटॅमिन ईच्याच भावकीतलं. तांदळाच्या कोंड्यातून काढलेलं. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी पार आडव्या झाल्या, बाई. सगळ्या!”

“विरघळवलंस कशात?”

“अल्कोहोलमध्ये. तेलकट असतं ना ते.”

“आणि नुसतं अल्कोहोल घातलेली बशी?”

रेवण बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

बाईंच्या प्रयोगशाळेतला हा पहिला धडा. जिला औषध द्यायचं नाही, ती बशी आधी मांडायची. दुसरा धडा, बशी उचलण्याआधी तळहात चोळायचे. पेशींना गार हात सोसत नाहीत, असं बाई म्हणायच्या. मुलं पाठीमागे हसायची, पण हात चोळायची. काय दिवस होते ते!

“राहिली ती बशी,” रेवण म्हणाला. “घाई झाली.”

“तुला? कसली घाई?”

“तुमची, बाई...”

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

“गाढवा, मग त्या औषधाने मेल्या की दारूने, कसं सांगशील? आणि औषधाने मेल्या असल्या, तरी मी काय बशी आहे?”

“मग मी नुसतं बघत राहू? तुम्ही शिकवलेलं सगळं येतं मला, आणि तुमच्याच उपयोगी पडत नाही!”

बाईंनी हात टेबलावर ठेवला. तळवा वर, रिकामा.

रेवणने लगबगीने बाटली उचलली. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

तो बाटली धरून तसाच उभा राहिला... मग ती पिशवीत टाकली. खुर्ची ओढून बसला. नकळत तळहात एकमेकांवर चोळले, आणि बाईंचा हात हातात घेतला.

खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं.

“प्रयोग पुन्हा लाव,” शेवटी बाई म्हणाल्या. “आणि जिला काहीच द्यायचं नाही ना, त्या बशीपाशी जरा जास्त वेळ बस.”