दोन गळ्यांचे रान

पूर्वी शुक्तिमती नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या अकराव्या वर्षी, उन्हाळ्यात, वैशाख सरायला पाच दिवस उरले होते तेव्हा हे घडले. बोधिसत्त्व त्या जन्मी सिंह होता. नगरापासून तीन दिवसांच्या वाटेवर खैराचे आणि पळसाचे रान होते. तिथे वेत्रिका नदीच्या डोहाकाठी तो राहत असे. त्याच्याबरोबर धूसर नावाचा आणखी एक सिंह होता. दोघे मिळून त्या रानाचे धनी होते. त्यांच्या आसऱ्याला चार सिंहिणी आणि सात पिल्ले होती.

दोघे भाऊ नव्हते. एका आईचे नव्हते, एका रानातलेही नव्हते.

सिंहांची रीत अशी. नर वयात आला की कळपाचे धनी त्याला हाकलून देतात. मग तो वणवण फिरतो. एकट्याला कोणी रान देत नाही. दोघे-तिघे भाऊ एकदम बाहेर पडले तर ते मिळून कोणाचे तरी रान हिसकावतात. धूसरला भाऊ नव्हता. बाहेर पडल्यावर चौथ्या महिन्यात त्याने भुकेपोटी साळिंदरावर पंजा टाकला. काटे जबड्यात आणि पुढच्या पायात घुसले. तो चिखलात पडून राहिला. तोंड मिटत नव्हते, माश्या आत-बाहेर करीत होत्या. तेव्हा एक परका सिंह झाडीतून आला. धूसरने डोळे मिटले. परका नर आला म्हणजे काय होते ते त्याला ठाऊक होते.

तो परका बोधिसत्त्व होता. त्याने दाताने एकेक काटा उपटला. एकवीस निघाले. मग त्याने सांबर मारून आणले, अर्धे खाल्ले आणि चार पावले मागे सरून बसला. उरलेले अर्धे धूसरचे. त्या दिवसापासून धूसर त्याला दादा म्हणू लागला.

दोघांनी मिळून हे रान मिळवले आणि दोन वर्षे राखले. राखण्याचीही रीत होती. दिवस मावळताना धनी हाक घालतात. बोधिसत्त्व डोहाच्या खडकावरून गर्जे आणि दोन श्वास थांबे. त्या दोन श्वासांच्या जागेत धूसर खालच्या उतारावरून गर्जे. पलीकडचे सिंह कान देऊन गळे मोजतात. आपले गळे जास्त असले तर येतात, नसले तर येत नाहीत. सिंहांची बहुतेक भांडणे अशी कानावरच मिटतात.

त्या वर्षी नदी आटली. पश्चिमेचे सगळे पाणवठे गेले. एवढा एक डोह उरला. मग एके संध्याकाळी या दोघांच्या हाकेनंतर पलीकडच्या काठावरून उत्तर आले. एक गळा. मग दुसरा. मग तिसरा.

धूसरच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि बराच वेळ खाली बसले नाहीत.

कळपात शबला नावाची म्हातारी सिंहीण होती. तिचा एक कान फाटलेला होता. धूसर तिला आत्या म्हणे.

"तिघे आहेत," ती म्हणाली. "मी लहान असताना दोघेच आले होते. आमच्याकडे अकरा पिल्ले होती. दुसऱ्या दिवशी मी एकटी होते. हा कान तेव्हाचा."

"पिल्लांनी त्यांचे काय केले होते, आत्या?"

"काही नाही. नव्या धन्याला जुन्याची पोरे नको असतात. पोरे गेली की आया लवकर मोकळ्या होतात, मग त्यांची पोरे होतात. त्यात राग नसतो रे. रागाने मारले असते तर एखाद-दुसरे आणखी सुटले असते."

त्या रात्री धूसरला झोप लागली नाही.

सकाळी तो हद्दीवरून फिरायला निघाला. नदीच्या कोरड्या पात्राकाठी एक वठलेला पळस होता. तिथे खूण करून तो वळला, तर समोर सिंह उभा. काळी आयाळ, रुंद छाती. हा कराल, तिघांतला थोरला. त्याचे दोघे भाऊ मागे दरडीच्या सावलीत झोपले होते. त्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. धूसरला करालपेक्षा त्या झोपेची भीती जास्त वाटली.

"बस की," कराल म्हणाला. "पाय कापतायत तुझे."

"उन्हाने."

"हो. ऊन फार आहे यंदा." कराल स्वतः बसला. "सात पिल्ले आहेत म्हणे. त्यांतली तुझी किती?"

धूसर पंजाने धूळ उकरू लागला.

"शिकार कशी वाटता?"

"अर्धी अर्धी."

"आणि सिंहिणी? त्याही अर्ध्या अर्ध्या?" कराल हसला नाही. "मान तो घेतो, मार तू खातोस. तो काय तुझा पाठचा भाऊ आहे? ऐक. आज संध्याकाळी तो हाक घालील, तेव्हा तू गप्प राहा. कोणाला मारू नकोस, कोणाला चावू नकोस. नुसता गप्प राहा. आम्ही तीन आहोत, चार होऊ. गप्प राहायला काय लागते?"

एवढे बोलून तो उठला, जवळ आला आणि त्याने आपले कपाळ धूसरच्या मानेला घासले. सोबत्याला सोबती घासतो तसे. धूसरने मान बाजूला घेतली नाही. चुकले ते इथेच. बाकीचे सगळे त्यातून झाले.

परत येताना त्याने धुळीत अंग लोळवले. वास धुळीने जात नाही. डोहावर बोधिसत्त्व रोजच्यासारखा पुढे आला. त्याने कपाळ धूसरच्या मानेला लावले आणि तिथेच थांबला.

"किती आहेत?" त्याने विचारले.

"तीन."

"दोघे झोपले होते का?"

"हो."

"म्हणजे त्यांना खात्री आहे." बोधिसत्त्व मागे सरून बसला. त्याने दात दाखवले नाहीत. "तुझ्या मानेला त्याचा वास आहे."

धूसरने मान खाली घातली. तो म्हणाला, "मला भीती वाटते, दादा."

"मलाही वाटते."

हे धूसरने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्याला जास्तच भीती वाटली.

"मग आपण जाऊ या. दोघेही जाऊ. रान गेले तर गेले."

"सात पिल्ले आहेत. धाकटे बारा दिवसांचे आहे, त्याचे डोळे अजून नीट उघडले नाहीत. तोंडात धरून कुठवर नेणार? मी इथेच राहणार. तुला जायचे असेल तर आत्ता जा, उजेड आहे. उत्तरेच्या टेकडीपलीकडचे रान मोकळे आहे. करालकडे मात्र जाऊ नकोस. ते तिघे भाऊ आहेत. ज्या वर्षी शिकार कमी पडेल, त्या वर्षी परका कोण ते त्यांना शोधावे लागणार नाही."

"आणि ते काटे? एकवीस काटे?"

"ते परत मागायला काढले नव्हते," बोधिसत्त्व म्हणाला आणि खडकाकडे चालू लागला.

धूसर उत्तरेला निघाला. करवंदीच्या जाळीपाशी शबला भेटली. ती पिल्ले आत दडवीत होती. बारा दिवसांचे पिल्लू तिच्या तोंडात लोंबत होते. तिने ते खाली ठेवले.

"निघालास?"

"दादानेच सांगितले, आत्या."

"तो सांगणारच. तू ऐकायलाच हवे होते का?" तिने पिल्लू पुन्हा उचलले आणि जाळीत शिरली. वळून पाहिले नाही.

टेकडी चढेपर्यंत ऊन उतरले. धूसर माथ्यावर पोहोचला. समोर मोकळे रान होते, मागे डोह. सूर्य पळसांना टेकला होता.

खडकावरून बोधिसत्त्वाची हाक आली.

हाक संपली आणि तो थांबला. दोन श्वास. रोज जेवढा थांबे तेवढाच. त्या जागेत कोणी गर्जले नाही. पश्चिमेकडून तीन गळे उठले. कालच्यापेक्षा जवळून.

धूसर उभा राहिला. त्याला वाटले, आता दादा दोन श्वासांची जागा ठेवणार नाही. उत्तर द्यायला कोणी नाही हे त्याला ठाऊक आहे. तो सलग गर्जेल.

दुसरी हाक आली आणि पुन्हा तेच दोन श्वास मोकळे राहिले. या वेळी तीन गळे कोरड्या पात्रातून आले. खाली जाळीत एक पिल्लू ओरडले आणि कोणीतरी त्याचे तोंड दाबले.

धूसरने उत्तरेकडे पाहिले. पुढे टेकडीचा उतार होता, चार उड्या मारल्या की तो सुटला असता. नदीच्या दगडांवरून तीन जणांची पावले वाजत होती. ती धावत नव्हती, चालत होती. हे त्याला सगळ्यात भयंकर वाटले. ज्याला खात्री असते तो धावत नाही.

तिसरी हाक आली. तिसऱ्यांदा जागा मोकळी झाली.

त्याची भीती गेली नाही. अशा वेळी भीती जाते असे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ती पाहिलेली नसते. धूसर भीत भीतच डोहाकडे वळला. तसाच तो गर्जला. साळिंदराने फाडलेल्या जबड्यामुळे त्याचा आवाज मध्येच चिरत असे, तसा चिरला. सगळ्या रानाला ठाऊक होता तो आवाज. मग तो टेकडी उतरून धावला आणि धावताना गर्जत राहिला.

खडकापाशी तिघांनी बोधिसत्त्वाला गाठले होते. कराल समोर होता, भाऊ मागून. एकाने मागची मांडी फाडली होती. दुसरा गळा ऐकून ते दोघे मागे वळले. गप्प राहणारा गर्जतो आहे हे त्यांच्या हिशेबात नव्हते. तेवढ्या वेळात धूसर येऊन त्यांच्यावर आदळला. त्याचा एक कान आणि खांदा फाटला. पण आता बोधिसत्त्वाची पाठ मोकळी होती. धूळ बसली तेव्हा कराल उताणा पडला होता आणि बोधिसत्त्वाचे दात त्याच्या गळ्यावर होते.

"सोडू नकोस, दादा," धूसर म्हणाला. "सोडलास तर पुन्हा येतील."

करालचे भाऊ जागच्या जागी थांबले. पुढे येईनात, पळूनही जाईनात. धाकटा कण्हला. मघाशी जाळीतले पिल्लू ओरडले होते तसाच तो आवाज होता.

बोधिसत्त्वाने जबडा उघडला आणि बाजूला झाला.

"तुमचा भाऊ घेऊन जा," तो म्हणाला. "तुम्ही तहानेने आलात. दुपारी डोहाच्या खालच्या अंगाला येऊन पाणी प्या, कोणी अडवणार नाही. रान मागाल तर मिळणार नाही. इथे दोन गळे आहेत."

कराल उठला. दोन्ही बाजूंनी भावांचा आधार घेऊन तो पात्रातून चालत गेला. त्या उन्हाळ्यात ते तिघे रोज दुपारी पाण्याला आले आणि पाणी पिऊन गेले. संध्याकाळी त्यांनी या काठाकडे तोंड करून हाक घातली नाही.

शबलेने जाळीतून पिल्ले बाहेर काढली आणि मोजली. सात होती. तिने पुन्हा मोजली. मग ती धूसरच्या फाटक्या कानाकडे पाहत म्हणाली, "आता शोभतोस माझा भाचा."

बोधिसत्त्व मात्र त्या संध्याकाळी खडकाखाली पडला, त्याला उठता येईना. मागचा पाय टेकत नव्हता. झटापटीत तो खैराच्या झुडपात लोळला होता, काटे पंजात खोल गेले होते.

भिक्षूंचे गुरू जे शास्ते, त्यांनी कथा इथवर सांगितली आणि ते थांबले. विहारात भिक्षू बसले होते. त्यांत सोमिल नावाचा एक होता. त्याचा सोबती वाटेत तापाने पडला, तेव्हा त्याला एका खेड्याच्या धर्मशाळेत टाकून सोमिल एकटाच पुढे आला होता. त्या गावी साथ होती आणि तो भ्याला होता. ही गोष्ट त्याच्यासाठीच चालली होती.

"तेव्हाचा कराल म्हणजे आज विहाराची वाट झाडणारा कंटक, जो पूर्वी वाटसरूंना लुटीत असे," शास्ते म्हणाले. "त्याचे भाऊ म्हणजे त्याचे तेव्हाचे साथीदार. शबला म्हणजे भिक्षुणी सुयामा. धूसर म्हणजे तू, सोमिल. तो सिंह मीच होतो. त्याने त्या जन्मी पाळली ती मैत्रीची पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

सोमिल उठला. त्याने भिक्षापात्र खांद्याला लावले, काठी हातात घेतली. दारापर्यंत गेला आणि तिथून त्याने विचारले, "भगवन्, धूसरने पुढे काय केले?"

"तो सिंहाच्या पायाशी बसला. दाताने एकेक काटा उपटला. मग त्याने सांबर मारून आणले, अर्धे खाल्ले, आणि चार पावले मागे सरून बसला."