कबरीचं पिल्लू आणि हौदातलं पाणी

जनावरं आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. मेंढपाळाच्या हौदावर आधी मेंढ्या पाणी पीत आणि कुत्र्यांची पाळी शेवटी येई. म्हणून कबरी कुत्री पिल्लाच्या कानाशी सारखी भुंके, "पी पटापट, संपेल!" पिल्लू लपालपा पिई आणि सगळं ओकून टाकी. ते वाळत चाललं. कबरीने पाणी हुंगलं, पिल्लाची दृष्टही काढली.

"कोंबडीताई, पाणीच बाधत असेल का गं?"

"मीही तेच पिते. फक्त माझ्या कानाशी कुणी ओरडत नाही, बाई!"

कबरीला राग आला, कारण ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कशीबशी गप्प बसली. पिल्लू चार घोट पिऊन थांबलं.

"आई, पाण्यात ढग कसा आला?"

"आधी पी" हे शब्द तिने गिळले. दोघं वाकून ढग बघत राहिली. त्या दिवशी पाणी पोटात टिकलं.