अकरा शेपट्या

मला सगळे दात होते तेव्हाची गोष्ट. बांधाखालच्या बिळात चिंगूआत्या ही म्हातारी उंदरीण दहा पोरांना घेऊन राहायची. मागची वाट मोकळी आहे ना, हे बघायला ती अधूनमधून ऐन जेवणात ओरडायची, "धामण आली रे!" पोरं मागून पळायची. आत्या शेवटी निघून आपल्यासकट अकरा शेपट्या मोजायची आणि मगच खुदकन हसायची.

"आत्ये, घास तरी गिळू दे की!"

"गिळ. धामण तुला घासासकट गिळेल."

एकदा आत्या तापाने पडली आणि खरंच धामणीने पुढच्या दारात डोकं घातलं. पोरं सवयीने मागून निसटली. बाहेर धाकट्या ठमीने शेपट्या मोजल्या. दहाच! पोरं उलट पावली आत शिरली आणि आत्याला ओढत घेऊन आली.

"गाढवांनो, परत कशाला आलात?" आत्या रडत ओरडली.

"अकरा झाल्याशिवाय हसायचं कसं गं?" ठमी म्हणाली.