कावेच्या भिंतीचा कौल

त्या वर्षी विमलगिरी महाराज कोकणात नेरवळ गावी रवळनाथाच्या देवळात उतरले होते. या देवळाच्या सभामंडपात चारही भिंतींवर तांबड्या मातीच्या कावेत कोरलेली नक्षी होती; वेली, कमळे, मोर. जिवबा चिताऱ्याच्या बापाने ती कोरली आणि जिवबाने जन्मभर जपली. देवापुढे ठेवायला त्या गरिबाजवळ दुसरे होते तरी काय!

जत्रा तोंडावर आली आणि देऊळ पांढरेशुभ्र करायचे खूळ विसाजी खोतांच्या डोक्यात शिरले. जिवबाने हातापाया पडून पाहिले. खोत चारचौघांत हसले, "तुझ्या हातात पेजेची वाटी रवना नाय, आनी तू नक्षी राखतलंस?"

दुपारपर्यंत चारही भिंतींवर चुना फिरला; तो खरवडायला जावे तर खालची नक्षीही निघून आली असती. जिवबा खांबाला टेकून नुसता बघत राहिला. त्याच्या थरथरत्या हाताने आता रेघ निघणार नव्हती, आणि ज्याला शिकवावे असे घरात कुणी उरले नव्हते. गेले ते कायमचे गेले, हे त्याला पुरते कळले होते. महाराज शेजारी येऊन बसले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "देवान माका आधी न्हेवक होया होता."

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी खोतांना विचारले, "चुना लावण्याआधी देवाचा कौल घेतलात?"

"चुन्याक कसलो कौल, महाराज?"

"मग आता घ्या," महाराज म्हणाले.

गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सारा गाव पाकळ्यांकडे बघत उभा राहिला. पण एकही पाकळी हलेना. खोत हसण्याच्या बेतात होते, इतक्यात डाव्या भिंतीवरचा चुना पोपडे धरून गळू लागला. बघता बघता वेल उघडी पडली, मोर उघडा पडला. काय त्या रवळनाथाची लीला! जिवबा धडपडत गेला आणि भिंतीला गाल लावून उभा राहिला.

बाकीच्या तीन भिंती मात्र पांढऱ्याच राहिल्या.

"महाराज, त्या तिनांचा काय?" खोतांनी विचारले.

"देवाने नकार सांगितला. तुम्ही पुसलेलं सगळंच तो परत कसं देईल?"

खोत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझं काय बिघडवलंत तुम्ही? ज्याचं बिघडवलंत त्याच्याकडे जा."

मग भर सभामंडपात खोतांनी चिताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. जिवबाने ना त्यांना उठवले, ना रागाने काही म्हटले.

"तीन गेल्यो, खोतानू," तो म्हणाला. "ही येक तेवडी सांभाळा. मी काय आता जास्ती दिस नसतलंय."