कॅमेऱ्यावरचं कुंकू

यंत्रं आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. मृणालिनीबाईंनी नवा लॅपटॉप आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि सुरू केला.

नव्या लॅपटॉपने स्वतःची तपासणी सुरू केली. बटणं, आवाज, सगळं ठीक होतं. कॅमेऱ्यातून मात्र लालभडक दिसत होतं. "कॅमेरा बिघडलाय. मी आपला दुकानात परत जातो," तो म्हणाला.

"गप रे शहाण्या," शेजारचा जुना लॅपटॉप म्हणाला. "डोळ्यावर कुंकू लागलंय तुझ्या. माझी पूजा बाईंच्या यजमानांनी केली होती. ते गेल्यापासून बाईंनी आज पहिल्यांदा कुंकवाला हात लावला. तू परत गेलास, तर त्यांना वाटेल, आपल्या हातानेच अपशकुन झाला."

मग नव्या लॅपटॉपने पडद्यावर लिहिलं, 'कॅमेरा उत्तम.'

समोर बाई हसल्या. नव्याला त्या अजून लालच दिसत होत्या.