वैदूच्या ओसरीवरचे तीन दिवस

फार जुन्या काळची गोष्ट आहे. पोरांनो, ऐका, आणि तुमच्या आईबापांनाही जवळ बसवा, कारण गोष्ट जास्त त्यांच्यासाठीच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक वैदू आणि त्याची बायको राहत. डोंगरावर एक कडू कंद उगवे. तो घेतला की मनावरचं ओझं उतरे, उडालेली झोप परत येई. पण वैदूच्या घरची एक रीत होती. आलेल्या माणसाने आधी तीन दिवस ओसरीवर राहायचं. बायको त्याला पेज वाढी, वैदू त्याच्याशी गप्पा मारी. चौथ्या दिवशी दहांतल्या नऊ जणांना तो सांगे, "तुला कंद नको रे. घरी जा, भावाशी अबोला सोड."

एकदा राजधानीतला एक सरदार तिथे बरा झाला. त्याने दरबारात कंदाचे गोडवे गायले. तीन दिवसांच्या पेजेबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

मग काय विचारता! पालख्या आल्या, मेणे आले. ज्यांना काही होत नव्हतं तेही आले, कारण शेजारी जाऊन आला होता. पायथ्याशी राहुट्या उठल्या. ओसरी पुरेना. तीन दिवसांचा एक दिवस झाला, आणि पुढे तर नुसती रांग उरली.

बायको म्हणाली, "अहो, आल्यागेल्याला जेवण वाढावं, औषध नाही."

"अगं, एवढ्या लांबून आलेत बिचारे. रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

वैदू लोभी नव्हता, हे सांगायलाच हवं. भिडस्त होता. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भिकेला लागलं ते दुसरंच कुणी.

एके दुपारी दूरच्या गावची एक सून आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. झुरून झुरून तिची झोप गेली होती. तिच्यामागे रांग खोळंबली होती. वैदूने तिच्या हातावर कंद ठेवला, तिने तो तिथेच चावून गिळला.

तिसऱ्या दिवशी ती वाटेतूनच नवऱ्याच्या आधाराने परत आली. तिला दिवस गेले होते, आणि कंदाने तो गर्भ पडला होता. गर्भारणीला हा कंद द्यायचा नाही, हे वैदूला चांगलं ठाऊक होतं.

ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला माझंच कळलं नव्हतं, बाबा. पूर्वी तुम्ही तीन दिवस ठेवून घ्यायचात म्हणे. मी राहिले असते, तर तुम्हाला कळलं असतं का?"

वैदूच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. पेजेच्या वासानेच तोंड फिरवणाऱ्या कितीतरी जणी तिने आजवर ओळखल्या होत्या.

"पहिल्याच सकाळी कळलं असतं, पोरी," वैदू म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

त्याने जुनी रीत पुन्हा सुरू केली. पण आता थांबायला कुणाला वेळ होता? पलीकडच्या डोंगरावर नवे वैदू बसले होते, ते मागताक्षणी कंद देत. पालख्या तिकडे वळल्या. म्हातारा वैदू रस्त्यात उभा राहून प्रत्येकाला हात जोडी, "निदान एक दिवस तरी थांबा." लोक हसून पुढे जात. आणि त्या सुनेच्या घरी पुढे कधीच पाळणा हलला नाही.

म्हणून सांगतो: माणूस जाणून न घेता दिलेलं औषध, कितीही मायेने दिलं तरी, औषध नसतं.