टाचेखालचा कागद

“दोष पेडलमध्ये आहे की माझ्यात, एवढंच सांगा.”

वैजयंती टिळेकरनं आल्या आल्या विचारलं. टेंपोतून उतरवून शेडमध्ये आणलेल्या त्या फळीकडे रेवंडकर मास्तर बघत राहिले.

फळी कसली, दाराएवढा जाड प्लायवूडच होता तो. एका टोकाला पायांनी चालवायची दोन पेडलं, दुसऱ्या टोकाला खुर्ची. दोन्ही बोल्टनं पक्की केलेली. घरी संगणकावर विमान उडवणारे लोक असं करतात. नाहीतर पेडल रेटलं की खुर्चीच मागं पळते.

“अख्खी फळी आणलीत?”

“सुटं करायचं नव्हतं.”

“हं…”

मास्तरांनी या माळावर एकतीस वर्षं ग्लायडर शिकवलं. आता तो क्लब बंद आहे, धावपट्टीवर शेळ्या चरतात. मास्तर जुन्या पत्र्याच्या शेडमध्येच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरी माणसं येतात. कुणी खऱ्या विमानाची शंका घेऊन येतं, कुणी संगणकातल्या. एकजण तर लग्न करू का, हे विचारायला आला होता. मास्तरांनी त्याला वाऱ्याची दिशा विचारली आणि परत पाठवलं.

वैजयंती टिळेकर मात्र कुणाकडे काही विचारायला जाणाऱ्यांतली नव्हती. सव्वीस वर्षं ती एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासत आली होती. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शावरून दोन खाती भांडायला लागली की कागद तिच्या टेबलावर यायचा. तिनं सही केली की भांडण मिटायचं.

“मी सगळं तपासलंय,” ती म्हणाली. “दोन्ही पेडलं सारख्याच जोरानं जातात. पाय काढला की काटा बरोब्बर शून्यावर. स्प्रिंगा मी स्वतः जुळवल्या. आधी त्यांत फरक होता.”

“मुकुंदाच्या वेळी?”

“त्याचं सगळं अंदाजपंचे असायचं.”

मुकुंद तिचा नवरा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो या माळावर यायचा. ती एकदाही आली नव्हती.

“येताना खरवस आणायचा तो,” मास्तर म्हणाले.

“मी करून द्यायचे.”

“साखर जास्त असायची.”

“मोजून असायची.”

मास्तर हसले. ती हसली नाही.

“सांगा. अडचण काय आहे?”

वैजयंतीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“विमान वर आहे.”

“कुठलं?”

“त्याचं. कोल्हापूरहून निघालं होतं. रत्नागिरीला उतरायचं होतं. समुद्रावर आहे, अकराशे फुटांवर, धावपट्टी समोर दिसतेय. ते तसंच थांबवून तो पाणी प्यायला उठला…”

मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“त्याला जाऊन आठ महिने झाले,” ती म्हणाली. “मला ते खाली आणायचंय. बाकी काही नाही. मला विमानाचा नाद नाही, मास्तर. एकदा नीट उतरलं की हे सगळं मी बंद करणार.”

“किती वेळा करून बघितलंत?”

तिनं पिशवीतून वही काढली. तारीख, वेळ, वारा, शेरा. सगळे रकाने आखलेले.

“एक्केचाळीस. हवेत माझी चूक होत नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे येते. चाकं टेकतात, आणि टेकल्या टेकल्या विमान गर्रकन फिरतं. उलटतं. मग पुन्हा तिथूनच सुरू करते. एक्केचाळीस वेळा.”

शेरा या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. आपटलं.

मास्तरांनी वही मिटून परत दिली.

“बसा. दाखवा मला. आणि शिकायला बसलात की मी ‘तू’ म्हणतो. क्लबातली सवय. चालेल?”

“चालेल.”

तिनं संगणक लावला. चपला काढून खुर्चीवर बसली. पडद्यावर समुद्र आला. समुद्राच्या कडेला तांबडा कडा, त्याच्यामागे धावपट्टी, एवढीशी, पाटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेसारखी. विमान हवेत स्थिर. पंखाखालच्या लाटासुद्धा थांबलेल्या.

मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडराचं गेल्या महिन्याचं पान फाडलं. ते घेऊन तिच्या पायांशी खाली बसले, पडद्याकडे पाठ करून.

“पडदा नाही बघणार?”

“पडद्यावर दिसतं ते होऊन गेलेलं असतं. चल, सोड.”

तिनं कळ दाबली. लाटा हलल्या.

वारा डावीकडून होता. तिनं तो हिशेबात धरला होता. वेग बरोबर, उंची बरोबर. कडा पोटाखालून गेला. धावपट्टी रुंद होत होत समोर आली. चाकं टेकली…

विमान गर्रकन फिरलं. पंख जमिनीला घासला. पडदा लाल झाला.

“बेचाळीस,” वैजयंती म्हणाली. वही उघडली.

“थांब. लिहू नकोस अजून.”

मास्तरांनी हात वर केला. हातात कॅलेंडराचं पान होतं.

“हे कुठं होतं, सांग.”

“तुमच्या हातात.”

“तुझ्या टाचेखाली होतं. सुरुवातीपासून. सारखा आत सारत होतो, बाहेर ओढत होतो. एकदासुद्धा अडलं नाही.”

तिनं वाकून पाहिलं. तिच्या टाचा फळीपासून दोन बोटं वर होत्या. पंजे ताणलेले, मांडणीवरचा डबा काढायला पोर चवड्यांवर उभं राहतं तसे, पेडलांच्या वरच्या कडेला टेकलेले.

“पेडलाच्या वरच्या भागाला काय असतं?” मास्तरांनी विचारलं.

“ब्रेक.” उत्तर तिला पाठ होतं. “खालच्या भागावर पाय ठेवून पेडल पुढे रेटलं की शेपटीचं सुकाणू वळतं. वरचा भाग पंजानं दाबला की चाकांना ब्रेक…”

ती बोलता बोलता थांबली.

“मी ब्रेक दाबून उतरत होते?”

“अकराशे फुटांपासून.”

“पण मग विमान वर ठीक कसं चालायचं?”

“हवेत ब्रेकला धरायला काय असतं? जमीन लागेपर्यंत कळतच नाही आपण काय दाबून धरलंय ते.”

शेडच्या पत्र्यावर वारा वाजला. बाहेर टेंपोवाला शेळ्यांशी काहीतरी बोलत होता.

“म्हणजे दोष माझा,” वैजयंती म्हणाली.

“तुझे पाय पोचत नाहीत. हा दोष कसा? सगळं मोजलंस म्हणतेस. स्प्रिंगा जुळवल्यास. काटा जुळवलास. खुर्ची?”

तिनं वही पुन्हा उघडली.

“खुर्ची, वैजयंती?”

“खुर्चीला मी हात लावला नाही.”

“का?”

“…ती त्याच्या मापाची आहे.”

मास्तरांनी मान हलवली. मग गुडघ्यांवर रांगत ते फळीच्या बाजूला गेले आणि खुर्चीच्या पायांपुढची धूळ तळहातानं पुसायला लागले. सावकाश, देव्हारा पुसावा तशी.

“ही भोकं कसली?”

खुर्चीच्या बोल्टांच्या पुढे, चार बोटांवर, तशीच आणखी चार भोकं होती. मेणानं बुजवलेली.

“चुकली असतील,” ती म्हणाली. “सांगितलं ना, त्याचं मोजमाप कच्चं होतं. आधी तिथं पाडली असतील, मग मागं पाडली.”

“चुकलेलं भोक सुतार कशानं बुजवतो?”

“सरस आणि भुसा. कायमचं.”

“आणि मेणानं कोण बुजवतो?”

उत्तर तिला येत होतं. मेण म्हणजे तात्पुरतं. धूळ जाऊ नये, ओल जाऊ नये, आणि वेळ आली की नखानं सुद्धा निघावं.

तिला गेल्या वर्षीचा माघ आठवला. ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून मटार सोलत होती. मुकुंद हातात सुतळी घेऊन आला आणि तिच्या कमरेपासून टाचेपर्यंत धरून बघायला लागला. ‘हे काय आता?’ ‘काही नाही. हलू नकोस.’ त्यानं सुतळीला गाठ मारली. ती केवढी हसली होती. ‘सुतळीनं कुणी मोजतं का रे? सुतळी ताणते.’ ‘ताणू दे,’ तो म्हणाला होता. ‘तू एकदा बस तर खरी माझ्या विमानात.’ ती म्हणाली होती, उद्या. मग मार्चअखेर आली. कारखान्यात तपासणी होती.

“पाना आहे?” मास्तरांनी विचारलं.

“आहे.”

तिच्या पिशवीत पाने कायम असायचे. ती फळीवर बसली. पहिल्या नटाला पाना लावला आणि तशीच थांबली.

“हे त्यानं आवळलेत.”

“दिसतंय. तो कोपऱ्यातला तिरपा बसलाय.”

तिनं पाहिलं. खरंच तिरपा होता. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पाना फिरला.

एक निघाला. दुसरा. तिसरा. तिरपा शेवटी निघाला, कुरकुरत. मास्तरांनी मदतीला हात पुढे केला नाही. तिनं नखानं मेण काढलं. चार भोकांतून चार बारीक पिवळ्या गोळ्या निघाल्या. त्या तिनं टाकल्या नाहीत, चष्म्याच्या डबीत ठेवल्या. खुर्ची उचलून पुढे घेतली.

बोल्ट चारही भोकांत उतरले. कुठंही ठोकावं लागलं नाही.

ती बसली. पाय पुढे केले.

टाचा फळीला टेकल्या. पंजे पेडलांच्या खालच्या दांड्यांवर आले. गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकलेला. पुस्तकात चित्र होतं, तसा. तिनं पाठ मागं टेकली आणि पाठीला खुर्चीची पाठ मिळाली. आठ महिने ती या खुर्चीच्या कडेवर बसत आली होती.

सवयीनं तिचा हात खिशातल्या टेपकडे गेला. अंतर किती भरतं, बघावं. टेप हातात आली… तिनं ती परत खिशात टाकली.

पत्र्यावरचा वारा थांबला होता, की तिला ऐकू येत नव्हता, कोण जाणे. ती नुसती बसून राहिली. एवढं बरोबर माप तिच्या हातून सव्वीस वर्षांत एकदाही निघालं नव्हतं. आणि हे सुतळीचं होतं.

मास्तर पुन्हा खाली बसले होते, पडद्याकडे पाठ करून. त्यांनी कॅलेंडराचं पान तिच्या टाचेशी नेलं. आत जाईना.

“हं,” ते म्हणाले. “सोड आता.”

लाटा हलल्या.

विमान तेच होतं. तोच समुद्र, तोच डावीकडचा वारा. पण आता पायांखाली काहीतरी होतं. वारा शेपटीला लागत होता आणि ते तिला तळव्यात कळत होतं. म्हणजे कळत कसलं असणार, पेडलांना तारा नव्हत्या, शेपूट नव्हती. तरी कळत होतं.

“मास्तर, नाक डावीकडे आहे.”

“असू दे. वाऱ्याकडे तोंड करूनच यायचं असतं.”

“धावपट्टी समोर आहे, आणि मी बघतेय भलतीकडे.”

“वाट सरळ आहे ना?”

“आहे.”

“मग बघू दे.”

कडा खालून गेला. लाल माती, काटेरी कुंपण. धावपट्टीचे पांढरे पट्टे मोठे होत आले.

“आता उजवा,” मास्तर म्हणाले. “टाच हलवू नकोस. नुसता विचार कर.”

तिनं उजवा पंजा पुढे नेला, न नेल्यासारखा. नाक हळूच वळून धावपट्टीच्या रेघेवर आलं. क्षणभर काहीच झालं नाही. सगळं लांबत गेलं. खाली डांबर नुसतं वाहत होतं…

चाकं टेकली.

एक बारीक चीत्कार. मग दुसरा.

विमान फिरलं नाही. उलटलं नाही. पांढरी रेघ पोटाखालून येत राहिली, येत राहिली.

“उतरलं,” वैजयंती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “मास्तर, उतरलं! बघा तरी!”

मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही. ते तिच्या पायांकडेच बघत होते.

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. आता झालं. आता बंद करायचं. वहीत तेवढं लिहायचं, आणि बंद. तिनं टाचा उचलल्या…

मास्तरांनी आपले दोन्ही तळवे तिच्या पायांवर ठेवले, आणि पाय होते तिथं परत टेकवले.

“पाय काढू नकोस,” ते म्हणाले. “अजून चालतंय.”